घरगुती मोशन डिटेक्टर करताय? आधी लेन्स ठरवा, सेन्सरचं नंतर बघू

बहुतेक जण काय करतात, दुकानात जाऊन आधी शंभरेक रुपयांचं मॉड्यूल उचलतात, घरी आणून अर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) जोडतात, टेबलावर हात हलवला की एलईडी लागतो, खूश. मग तेच पोर्चमध्ये लावलं की रात्री मांजर गेलं तरी लाईट लागतो आणि माणूस थेट समोरून चालत आला तर दारापाशी पोचेपर्यंत काहीच होत नाही. मग शिव्या सेन्सरला. खरं तर सेन्सर बहुतेक वेळा ठीकच असतो, त्याच्या पुढची प्लास्टिकची वाटी, म्हणजे लेन्स, त्या जागेसाठी चुकीची असते. म्हणून हे सगळं मी उलट्या क्रमाने सांगणार आहे, आधी जागा, मग लेन्स आणि सेन्सर सगळ्यात शेवटी.

एक कागद घ्या, जागेचा वरून दिसेल तसा नकाशा काढा. नाशिकपुरतं बोलायचं तर गंगापूर रोडच्या बंगल्याचा पोर्च, सिडकोतल्या रो-हाऊसचा जिना, पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा अरुंद बोळ, अंबडच्या गाळ्याचं शटर, निफाडकडची कांद्याची चाळ, या पाच जागांना पाच वेगळ्या गोष्टी लागतात. नकाशावर तीन गोष्टी दाखवा: माणूस कुठून येणार आणि कोणत्या दिशेने चालणार, सेन्सरपासून सगळ्यात लांब कुठं पकडायचंय, आणि त्याच्या मागे काय आहे (उन्हात तापणारी भिंत, पत्रा, झाड, रस्ता). तिसरी गोष्ट कुणी लिहीत नाही आणि निम्मी कटकट तिथूनच येते.

दुकानात जायच्या आधी एक. नुसता "आयआर सेन्सर द्या" म्हटलात तर काउंटरवरचा पोरगा तुम्हाला लाईन फॉलोअर रोबोटमध्ये लावतात ते काळं-पांढरं, दोन एलईडीसारखं दिसणारं मॉड्यूल देईल. ते स्वतः प्रकाश सोडतं आणि समोर काही सेंटिमीटरवर वस्तू आली की परत आलेला प्रकाश बघतं. आपल्याला पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) पाहिजे, जो स्वतः काहीच सोडत नाही, फक्त समोरच्या वस्तूची उष्णता बघतो. नाशकात एमजी रोडच्या आसपास विचारून बघा, साधी मॉड्यूलं मिळून जातात, पण सुटा सेन्सर किंवा सुटी लेन्स हवी असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ नाहीतर ऑनलाईन.

हे बघतं कसं

माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं आणि एवढ्या तापमानाची वस्तू सगळ्यात जास्त उष्णता ९ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास बाहेर टाकते. डोळ्याला दिसतो तो प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा, म्हणजे हा मामला फारच लांबचा. सेन्सरच्या टोपीवर जी छोटी काळपट खिडकी दिसते ती काच नाही, सिलिकॉनवर लेप दिलेला फिल्टर असतो, तो साधारण ५ ते १४ मायक्रॉन एवढंच आत सोडतो. आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन तुकडे असतात, आणि या पदार्थाची गंमत अशी की तो तापमानाला नाही, तापमानातल्या बदलाला सिग्नल देतो. म्हणून सोफ्यावर गप्प बसलेला माणूस याला दिसतच नाही. बाथरूममध्ये लावून मध्येच लाईट गेला म्हणून ओरडणारे लोक असतात ना, त्याचं कारण हेच.

दोन तुकडे उलट-सुलट जोडलेले असतात. दोघांवर एकदम सारखी उष्णता पडली, म्हणजे ढग सरकला किंवा खोली तापली, तर एकाचा प्लस दुसऱ्याचा मायनस होऊन काहीच बाहेर येत नाही. माणूस आडवा चालत गेला की आधी एकावर मग दुसऱ्यावर उष्णता पडते, आधी वर मग खाली अशी लाट येते, ती पकडायची. आता यातूनच सगळ्यात कामाचा नियम निघतो: पीआयआर आडवा जाणारा माणूस छान पकडतो आणि थेट अंगावर चालत येणारा वाईट पकडतो. सेन्सर दाराच्या वर लावून गेटकडे तोंड करणं ही सगळ्यात आवडती जागा आणि सगळ्यात वाईट जागा. तोच बाजूच्या भिंतीवर असा लावा की येणाऱ्याला त्याच्यासमोरून आडवं जावंच लागेल, तीच लेन्स तोच सेन्सर, फरक तुमचा तुम्हाला दिसेल.

लेन्स

लेन्सशिवाय सेन्सरला सगळीकडचं सगळं एकदम दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही, एखाद मीटरच्या पुढे माणूस म्हणजे नुसता धूसर ठिपका. लेन्स दोन कामं करते, लांबची उष्णता गोळा करते आणि समोरच्या जागेचे पट्टे पाडते. ती पांढरी वाटी नीट उजेडात धरून आतून बघा, मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतील आणि प्रत्येक कप्प्यावर बारीक गोल गोल चरे. प्रत्येक कप्पा म्हणजे एक स्वतंत्र फ्रेनेल लेन्स, फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जी केली त्याच जातीची, फक्त पातळ प्लास्टिकची. प्रत्येक कप्पा सेन्सरच्या दोन तुकड्यांची एक जोडी बाहेर जागेवर टाकतो, म्हणून वीस कप्पे असतील तर समोर वीस जोड-पट्टे, आणि मध्ये मध्ये आंधळी जागा. माणूस पट्ट्यातून आंधळ्या जागेत आणि परत पट्ट्यात जात राहतो म्हणून सिग्नल येत राहतो.

आता थोडं गणित करायचंय, घाबरू नका, शाळेतलं त्रैराशिक आहे. पट्ट्याची रुंदी म्हणजे तुकड्याची रुंदी गुणिले अंतर भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सपासून उजेड एका ठिकाणी गोळा होतो तिथपर्यंतचं अंतर). नेहमीच्या सेन्सरमधला तुकडा १ मिमी रुंद आणि २ मिमी उंच असतो, मध्ये १ मिमी फट. लेन्सची फोकल लांबी २५ मिमी धरली तर ५ मीटरवर पट्टा २० सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच, १० मीटरवर ४० सेंमी रुंद आणि ८० सेंमी उंच. माणूस रुंदीला साधारण एवढाच असतो, म्हणजे १० मीटरवर पट्टा माणसाने बऱ्यापैकी भरतो आणि सिग्नल पूर्ण येतो. त्याच्या पुढे पट्टा माणसापेक्षा मोठा होत जातो, माणूस त्यातला थोडाच भाग व्यापतो आणि सिग्नल पडतो. फोकल लांबी निम्मी, १२-१३ मिमी केली की हीच हद्द ५ मीटरवर येते. म्हणजे "रेंज किती" हा प्रश्न सेन्सरला विचारायचाच नाही, लेन्सला विचारायचा. छोट्या वाटीच्या मॉड्यूलवर "७ मीटर" लिहिलेलं असतं ते चांगल्या दिवशी, थंडीत, आडवं चालून. घरी ४-५ धरा.

याच गणितात दुसरी गोष्ट लपलीय. ५ मीटरवर प्लस पट्टा आणि मायनस पट्टा यांच्या मध्यात अंतर ४० सेंमी, म्हणजे पूर्ण लाट ८० सेंमीची, माणूस सेकंदाला एक मीटर चालला तर सव्वा हर्ट्झच्या आसपासचा सिग्नल. एक मीटरवर तोच ६ हर्ट्झ होतो. म्हणून सगळ्या पीआयआर सर्किटमध्ये ०.१ ते १० हर्ट्झ एवढंच वाढवतात, बाकीचं कापतात. स्वतः ॲम्प्लिफायर करणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा.

लेन्स कोणती घ्यायची हे आता नकाशावरून आपोआप ठरतं. पोर्च किंवा हॉलसाठी वाइड अँगल, म्हणजे दोन-तीन ओळीत भरपूर कप्पे असलेली वाकवायची पट्टी, ही साधारण २ ते सव्वादोन मीटर उंचीवर कोपऱ्यात लावायची. खोलीच्या छताला गोल घुमट, आणि तिथं जमलं तर चार तुकड्यांचा सेन्सर, कारण छतावरून बघताना माणूस कोणत्या दिशेने जाईल याचा भरवसा नसतो. गाळ्याचं शटर, खिडक्यांची रांग किंवा कंपाउंडची भिंत असेल तर कर्टन लेन्स, ती एकच उभा पातळ पडदा टाकते, पडदा ओलांडला की वाजलं, बाकी आजूबाजूला काहीही नाचू दे. वाड्याच्या बोळासाठी लांब पल्ल्याची, थोड्याच पण मोठ्या कप्प्यांची लेन्स मिळते, पण खरं सांगू का, बोळाच्या टोकाला ती लावून सरळ आत बघण्यापेक्षा बोळाच्या मध्यावर बाजूच्या भिंतीत आडवा पडदा टाकणं जास्त खात्रीचं. पेट इम्युन म्हणून लेन्स विकतात, तिच्यात खालच्या बाजूला बघणारे कप्पे वगळलेले असतात, कुत्रं खालून जातं आणि दिसत नाही. सोफ्यावर चढलेली मांजर मात्र दिसते, तिला पेट इम्युन वगैरे माहीत नसतं.

हवी ती लेन्स मिळाली नाही तर असलेलीच झाकायची. वाइड अँगल लेन्सवर आतल्या बाजूने ॲल्युमिनियम टेपचे तुकडे लावून नको ते कप्पे बंद करा, एकच उभी रांग उघडी ठेवलीत तर झाला कामचलाऊ पडदा. रस्त्याकडचे कप्पे झाकले की येणारी-जाणारी रिक्षा बंद. हा पाच रुपयांचा उपाय आहे आणि लोक त्याच्याऐवजी सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू पिळत बसतात.

मटेरियल. लेन्स एचडीपीई (हाय-डेन्सिटी पॉलिथीन) प्लास्टिकची असते, अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड, कारण पॉलिथीन ही उष्णता बऱ्यापैकी आरपार सोडतं. खिडकीची काच सोडत नाही, ॲक्रेलिक सोडत नाही. भिंग विकणाऱ्याकडून छान चकचकीत ॲक्रेलिकचं फ्रेनेल भिंग आणून लावलंत तर ते दिसायला भारी आणि कामाला शून्य. तसंच पावसाचं पाणी नको म्हणून पुढे पारदर्शक काच लावली की सेन्सर आंधळा. पाऊस टाळायचा तर वरून छोटं छज्जा-टोपी करा, समोरून काही लावू नका. लेन्सला रंग देऊ नका, थिनरने पुसू नका, धूळ ओल्या मऊ फडक्याने काढा. आणि चरे असलेली बाजू आत, सेन्सरकडे. बाहेरची बाजू गुळगुळीत असते, बोट फिरवलं की कळतं.

सुटी लेन्स मिळवायचा आणखी एक मार्ग म्हणजे मेलेला चोर-अलार्म सेन्सर. भंगारात किंवा सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे बंद पडलेले डबे मिळतात, सर्किट जळालेलं असतं पण डबा आणि लेन्स ठणठणीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेन्सची वाक आणि सेन्सरचं अंतर कंपनीने आधीच बरोबर करून दिलेलं असतं. सुटी सपाट पट्टी आणली तर तिला साधारण फोकल लांबीएवढ्या त्रिज्येने वाकवावं लागतं, म्हणजे कोणताही कप्पा सेन्सरपासून सारख्याच अंतरावर राहतो. फोकल लांबी माहीत नसेल तर लेन्स उन्हात धरून मागे कागद पुढे-मागे करा, दुधी प्लास्टिक असल्याने स्वच्छ ठिपका पडत नाही पण उजेडाचे डाग सगळ्यात लहान कुठं होतात ते कळतं. नंतर सेन्सरचं बोर्ड मिलिमीटर मिलिमीटर सरकवून चालून बघायचं. या अंतरात दोन-तीन मिमीचा फरकसुद्धा लांबच्या रेंजला चांगलाच जाणवतो.

आता सेन्सर

पहिल्यांदा करताय तर एचसी-एसआर५०१ घ्या, पुढे बोलायची गरज नाही. ४.५ ते २० व्होल्टवर चालतो, आउटपुट ३.३ व्होल्ट, म्हणून ईएसपी८२६६ या वायफाय बोर्डला सरळ जोडता येतो, आणि दोन स्क्रू आहेत, एक सेन्सिटिव्हिटीचा एक वेळेचा. आत बीआयएसएस०००१ ही चिप सगळा ॲम्प्लिफायर सांभाळते. वाटी हातानेच निघते, ती काढून खाली पिनांची नावं वाचा मगच वायर जोडा, कारण सगळ्या कंपन्यांचा पिनांचा क्रम सारखा नसतो आणि प्लस-मायनस उलटं झालं की मॉड्यूल चालणार नाही. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर तो वाट्टेल तसा वाजतो, त्याला तेवढं स्थिर होऊ द्या.

बॅटरीवर चालवायचंय आणि जागा छोटी आहे तर एएम३१२. २.७ व्होल्टपासून चालतो, सिग्नल आतच डिजिटल होतो म्हणून वायफायच्या गडबडीला कमी घाबरतो, पण स्क्रू एकही नाही आणि रेंज ३ ते ५ मीटर. कपाट, जिना, माळा यांना मस्त. पैसे घालायची तयारी असेल तर पॅनासोनिकचे लेन्ससकट येणारे सेन्सर आहेत, ईकेएमबी मालिकेत काही मायक्रोअँपवर चालणारे मिळतात, किंमत बघून मात्र एकदा पाणी प्या.

स्वतःची लेन्स लावायची असेल तर सुटा सेन्सर, आरई२००बी किंवा एलएचआय७७८ सारखा तीन पायांचा. आत एक जेफेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर) असतो, बाहेर साधारण ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, मिलिव्होल्टचा सिग्नल येतो तो एलएम३२४ या ॲम्प्लिफायर चिपच्या दोन टप्प्यांत हजार ते दहा हजार पट वाढवायचा आणि मग विंडो कम्पॅरेटर, म्हणजे सिग्नल ठरलेल्या दोन पातळ्यांच्या बाहेर गेला की कळवणारं सर्किट. हे करायला मजा येते पण नुसता लाईटच लावायचा असेल तर एवढा उद्योग कशाला, ५०१ ची वाटी काढून त्याच सेन्सरपुढे मोठी लेन्स बसवा, चालतं. बसवताना सेन्सरच्या खिडकीची लांब बाजू आडवी पाहिजे, कारण दोन तुकडे त्या दिशेने शेजारी शेजारी असतात. उभी बसली तर चालणारा माणूस दोन्ही तुकड्यांवर एकदमच पडतो आणि सिग्नल निम्माशिम्मा. खिडकीला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटच्या कापसाने हलक्या हाताने पुसा, आणि सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न पायावर जास्त वेळ धरू नका.

स्थिर बसलेला माणूस पकडायचा असेल तर पीआयआरचा नादच सोडा, २४ गिगाहर्ट्झचे रडार मॉड्यूल मिळतात एलडी२४१० सारखे, ते श्वासाची हालचालसुद्धा टिपतात. आरसीडब्ल्यूएल-०५१६ स्वस्त आहे पण तो भिंतीपलीकडचंही बघतो, म्हणजे फ्लॅटमध्ये शेजारचे काका उठले की तुमचा लाईट.

नाशिकची हवा

डिसेंबरात निफाडला पारा पाच-सहाच्या खाली जातो, तेव्हा माणूस आणि मागची भिंत यात पंचवीसेक अंशांचा फरक, सेन्सर एकदम जोशात. तेच मे महिन्यात चाळिशी गाठलेली, पश्चिमेची भिंत दिवसभर तापलेली, आणि संध्याकाळी ती निवत निवत बरोबर ३३-३४ अंशांवर आली की माणूस आणि भिंत सेन्सरला एकच. गंमत म्हणजे भर दुपारी भिंत ४५ ला असते तेव्हा परत बरं चालतं, कारण आता माणूस मागच्यापेक्षा थंड दिसतो आणि सेन्सरला गरम-थंड काही फरक पडत नाही, बदल पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यात मरण्याची वेळ दुपारची नाही, सकाळी उशिरा आणि दिवेलागणीनंतरची आहे. म्हणून थंडीत सेट केलेली सेन्सिटिव्हिटी एप्रिलअखेर पुन्हा बघायची, आणि सेन्सरचं तोंड शक्यतो दिवसभर सावलीत राहणाऱ्या भिंतीकडे ठेवायचं.

पत्र्याच्या शेडमध्ये दुसराच त्रास. पत्रा तापतो, खालची हवा उकळल्यासारखी वर जाते, त्या गरम झोतांनी सेन्सर फुकट वाजतो. चाळीत लावताना छताखाली एकदम टेकवू नका, हातभर खाली घ्या आणि तोंड जमिनीकडे थोडं झुकवा. द्राक्षबागेच्या कडेला हलणारी पानं आणि त्यातून येणारं ऊन दिवसा हैराण करतं, तिथं ५०१ वरच्या एलडीआरच्या (उजेड ओळखणारा रेझिस्टर) रिकाम्या जागेत एलडीआर सोल्डर करून रात्रीच चालू होईल असं करा.

बिबट्याचं विचारतात मळ्यातले लोक. पीआयआर उष्णता आणि हालचाल बघतो, बिबट्या की कुत्रा की वासरू हे त्याला कळत नाही, जंगलात वापरतात ते कॅमेरा ट्रॅपही याच तत्त्वावर फोटो काढतात आणि ओळखायचं काम नंतर माणूस करतो. तिथं पेट इम्युन लेन्स अजिबात नको, सेन्सर गुडघ्याच्या वर थोडा, जमिनीला समांतर आणि वाटेला आडवा. लाईट लागला म्हणून काठी घेऊन बघायला जाऊ नका, घरातच थांबा आणि वनखात्याला कळवा.

फुकट वाजणं

पाल. पावसाळ्यात लेन्सवर लाईटचे किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि ती वाटीवरून सरकली की प्रत्येक कप्पा पेटतो. सेन्सर आणि बल्ब यांच्यात किमान दोनेक फूट अंतर ठेवा, किडे बल्बकडे जातील. डब्याची वायर जाते ती भोकं सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या आत घर करतात आणि मग काय विचारता.

वायफाय बोर्ड सेन्सरला चिकटवून ठेवलं की दर थोड्या वेळाने आपोआप ट्रिगर येतो, हे ५०१ चं ठरलेलं दुखणं. बोर्ड वीतभर लांब घ्या, पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा आणि जोडीला ०.१ चा कपॅसिटर टाका, तरी नाही थांबलं तर मॉड्यूलच्या मागे इन्सुलेशन लावून त्यावर ग्राउंडला जोडलेली फॉइल. रिले (छोट्या सिग्नलवर मोठा लाईट चालू-बंद करणारा स्विच) वापरत असाल तर त्याच्या कॉइलला डायोड हवाच, आणि २३० व्होल्टची बाजू वेगळ्या डब्यात, सवय नसेल तर तेवढं काम वायरमनकडून करून घ्या.

चालून बघणं

शेवटचं काम आणि हे टाळायचं नाही. डबा बंद करून, जिथं लावायचा तिथं लावून, वेळेचा स्क्रू सगळ्यात कमी करा. एकाला जमिनीवर खडूने मीटर-मीटरच्या खुणा करायला सांगा आणि प्रत्येक खुणेवरून आडवं, नेहमीच्या चालीने जा. घाईत पळत गेलात किंवा हात हलवलेत तर चाचणी खोटी. एलईडी कुठं लागला तिथं फुली, कुठं नाही लागला तिथं गोल. पाच मिनिटांत जमिनीवर तुमच्या लेन्सचे पट्टेच उमटतात, मग कोणता कप्पा झाकायचा आणि डबा किती अंश फिरवायचा हे वेगळं विचारावं लागत नाही. सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू त्यानंतर, आणि सगळ्यात लांबची फुली पक्की लागेल एवढाच, त्याहून एक वळसाही जास्त नको.